पुंगळ्यांची माळ

बाबांकडे एकनळी बंदूक होती, पीक-संरक्षणाच्या परवान्यावरची. लाखनीजवळच्या आमच्या वावरात धान लोंबीवर आलं की रानडुकरं शिरत, आणि बाबा हंगामात चार-सहा बार हवेत काढत. त्या राखलेल्या धानावर मी शिकलो, घरातला पहिला बी.ए. झालो. त्या बंदुकीचे उपकार मी विसरलेलो नाही.

जिल्हा फुटून त्याचे दोन झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत काडतुसं घेणं सोपं होतं. एसटीने भंडाऱ्याला जायचं आणि दुकानात परवान्याचं पुस्तक ठेवायचं. दुकानदार नोंद करी, शिक्का मारी, धानाची चौकशी करी. पुढे वर्षाला किती घ्यायची यावर मर्यादा आली. मग परवान्याला संगणकातला नंबर आला. तो नसेल तर दुकानदार काडतुसाची पेटीही उघडेना. शेवटी कलेक्टर कचेरीतून फर्मान निघालं: आधीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जमा करा, तरच नवी मिळतील. हे ठरवणाऱ्याने आयुष्यात एकदाही धानाच्या बांदीतल्या चिखलात पाय घातला नसेल, एवढं मी खात्रीने सांगतो.

कारण बाबा पुंगळ्या पेटीत जपून ठेवत नसत. तारेत ओवून त्यांची माळ धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, टांगत. वारा आला की पितळी बुडं एकमेकांवर वाजत आणि पाखरं उठत.

नव्या काडतुसांसाठीचा अर्ज मी लिहिला. 'सदर पुंगळ्या शेतात वापरात आहेत.' खरं तेच लिहावं, असं मला शाळेत शिकवलं होतं.

कचेरीतल्या बाबूने तो वाचला आणि बाबांना विचारलं, "वावरात काहून ठेवल्या?"

"पाखरं हाकलाले जी."

"दारूगोळ्याचा सामान हाय तो, बुढ्या. लायसन जाईन तुझं."

रिकाम्या पुंगळीत दारू नसते, हे मला त्याला सांगावं लागलं. याच्या टेबलावर जिल्ह्यातली काडतुसं अडून राहत, आणि याने काडतूस जवळून पाहिलेलं नव्हतं.

"तू मले शिकवू नको," तो म्हणाला. "पुंगळ्या आन, मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी बाबांनी अख्खी माळच आणून टेबलावर ठेवली, चिखल आणि पाखरांच्या विष्ठेसकट. बाबूने खुर्ची मागे सरकवली. "सोडून दे एकेक." गंजलेली तार सोडत बाबा दुपारपर्यंत उभे होते. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बाबूचा डबा होता.

परवानगी आली तेव्हा धान कापून झालं होतं. डुकरांनी ठेवलं होतं तेवढं. धुऱ्याकडच्या दोन बांद्यांत तर विळा लावायला काही उरलं नव्हतं.

"आता कायले पाह्यजे गा ते बंदूक?" बाबा मला म्हणाले. "वावर राखू का कागद राखू?"

त्यांनी बंदूक आणि परवाना दोन्ही जमा केले. पोचपावती मात्र त्याच दिवशी मिळाली. निघताना बाबांनी बाबूला विचारलं, "पुंगळ्या तरी वापस द्या जी. पाखरं बसून राहिले खळ्यातल्या धानावर."

"त्या जमा झाल्या. सरकारी हायेत आता."

त्याच्या खुर्चीमागे उघड्या खोक्यात त्या पडल्या होत्या. वर तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या रिकाम्या पन्न्या टाकलेल्या. बाबांनी एकदा तिकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

"चाल," ते मला म्हणाले, "एसटी चुकंन."