तीन पावसाळे थांबणाऱ्या बोकाडे मॅडम

डॉ. शालिनी बोकाडे यांची आणि माझी पहिली भेट जबलपुरात, नेपियर टाउनमधल्या त्यांच्या घराच्या दारात झाली. खाली कोचिंग क्लास, वर मॅडम. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रकल्पासाठी विषय मागायला गेले होते. मार्क किती, आवड कशाची, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "गुडघे कसे आहेत तुझे?"

"जी, ठीक हैं," मी म्हणाले.

"घरी मराठी बोलतेस नं? मग इथं काहून लाजून राहिली? ये आत."

मॅडमच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला, तो 'मॅडमची पुरस्कारप्राप्त विद्यार्थिनी' म्हणून. त्या पुरस्काराबद्दल मला सांगायचंच आहे. पण आधी मॅडमचं काम सांगते, नाहीतर गोष्ट कळायची नाही.

ग्वारीघाटावरून नावेने पलीकडे जायचं, तिथून अर्धा तास चाललं की सागाच्या जंगलात एक खडकाळ उतार लागतो. तिथे जमिनीत वाढणारी आमरी आहे, म्हणजे ऑर्किड. पावसाळ्यात दोन-तीन पानं वर येतात, जमलं तर फुलांचा तुरा येतो, हिवाळ्यात सगळं वाळून जातं आणि खाली फक्त कंद उरतो. मॅडमनी ऐन तारुण्यात तिथे खुंट्या ठोकून दोरी बांधली आणि प्रत्येक रोपापाशी नंबराची पत्र्याची पट्टी लावली. तेव्हापासून दरवर्षी पितृपक्षात, नदीचं पाणी उतरलं की त्या मोजायला जातात. किती जन्मली, किती जगली, किती मेली. पुस्तकात याला भारदस्त नाव आहे. मॅडम नुसतं 'मोजणी' म्हणतात. पितृपक्षच का, असं मी एकदा विचारलं. "या दिवसांत लग्न नाही, बारसं नाही. पोरं बहाणे कोणते सांगतील?" हे उत्तर मिळालं.

मोजणीचा त्यांचा एक रिवाज आहे. मॅडम गुडघ्यांवर बसून नंबर बोलणार. लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच वहीत टिपायचा. "सदतीस." "सदतीस." चुकीचा नंबर वहीत जाऊ नये म्हणून ही सोय. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. चार वर्षांनी मी झोपेतसुद्धा नंबर परत म्हणत होते, अशी आईची तक्रार होती.

दुसरा नियम त्याहून कडक. एखादं रोप दिसलं नाही तर 'मेलं' लिहायचं नाही. 'दिसलं नाही' लिहायचं. ही आमरी कधीकधी रुसते. एखादा पावसाळा, कधी दोन, कंद जमिनीखाली नुसता पडून राहतो. लागोपाठ तीन पावसाळे पान दिसलं नाही, तरच 'मेलं' हा शब्द लिहायची परवानगी. आमच्यासारख्या उतावळ्या पोरांना हा नियम म्हणजे छळ वाटायचा.

पीएच.डी.ही मी त्यांच्याकडेच केली. काम संपत आलं तेव्हा आमच्या विषयातल्या तरुण संशोधकांसाठीच्या एका पुरस्काराची जाहिरात निघाली. वयाची अट होती आणि माझं ते शेवटचंच वर्ष. माझ्याकडे बरीच रोपं दोन पावसाळे न दिसलेली होती. ती मेली असं धरलं तर ही आमरी उतारावरून संपत चालली आहे असा ठसठशीत निष्कर्ष निघत होता. नाही धरलं तर काहीच निघत नव्हतं. मी 'मेलं' लिहिलं. शिफारसपत्रावर सही करताना मॅडमनी विचारलं, "तिसरा पाऊस झाला?"

"झाला," मी म्हणाले.

मॅडमनी सही केली. पुरस्कार मलाच मिळाला. समारंभ परगावी होता. मॅडम रात्रभर रेल्वेने प्रवास करून आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या आणि नंतर माझ्या हातात सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा ठेवून म्हणाल्या, "दिवसभर फोटोच काढून राहिले तुझे. खाल्लंस का काही?" मी डबा न उघडता पिशवीत ठेवला.

त्याच वर्षी पितृपक्षानंतर माझ्या नव्या नोकरीच्या गावी त्यांचं पत्र आलं. आत फक्त नंबर होते. चार, अकरा, एकोणीस, सव्वीस, चाळीस. आणि शेवटी एक ओळ: 'वर आली आहेत. चाळीसला तुरा आहे.' ना रागाचा शब्द, ना प्रश्न. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी लगेच गाडीत बसले असते. मी उत्तर लिहिलं नाही. पुढे दरवर्षी असं पत्र येत गेलं आणि दरवर्षी ते मी कपाटात टाकत गेले. परक्या गावात, एका खोलीत, कपाटावर पुरस्काराचं मानचिन्ह आणि कपाटात ती पत्रं, अशी माझी सहा वर्षं गेली. माझ्याकडे येणारं जाणारं कोणी नव्हतं, आणि ते मला सोयीचं वाटत होतं.

म्हणून हा लेख मागितला गेला तेव्हा मी अडले. मॅडमना तोंड दाखवल्याशिवाय त्यांच्यावर गौरवाचे शब्द कुठून आणायचे? यंदाच्या पितृपक्षात मी जबलपूरला गेले. घाटावर तर्पणाची गर्दी होती. जुन्या नाववाल्याने मला ओळखलं.

"बहुत दिन बाद, दीदी! मॅडमजी तो सुबह ही उस पार चली गईं."

"उनके साथ कौन है?"

"कोई नहीं। पाँच-छह साल से अकेली ही जाती हैं। खुद बोलती हैं, खुद ही जवाब देती हैं।"

हे मला उतारावर पोचेपर्यंत नीट कळलं नव्हतं. झाडांआडून आधी आवाज आला. "सदतीस." मग थोडं थांबून, जरा खालच्या स्वरात, "सदतीस." मग पेन्सिल खरखरल्याचा आवाज. जंगलात दुसरं कोणी नव्हतं. मॅडम गुडघ्याखाली दुमडलेलं पोतं घेऊन बसल्या होत्या, मांडीवर वही होती. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

"अडतीस," मॅडम म्हणाल्या.

"अडतीस," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. वही तेवढी मागे, माझ्याकडे सरकवली. "पानं दोन. लिही." चाळीस झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मॅडम चष्मा पुसत ऐकत होत्या.

"पावसाळे मोजता येतात मला, मृणाल. दोनच झाले होते."

"मग सही का केलीत?"

"तू सांगशील वाटलं. आज नाही तर उद्या." मग चष्मा चढवत, "माझंही चुकलंच. थांबवायला पाहिजे होतं. तेव्हा तू एकटीच उरली होतीस नं माझ्याकडे. तूही रागावून गेली असतीस तर?"

मॅडमना कशाची भीती वाटत असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी पुरस्कार समितीला आणि माझा तो शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्रं लिहिली: माझी आकडेवारी चुकीची आहे, मानचिन्ह परत घ्यावं. मसुदा मॅडमनी तपासला आणि 'घाईमुळे' हा माझा शब्द खोडून 'तिसऱ्या पावसाळ्यापूर्वी' असं लिहिलं. समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. तेव्हा संपादकांनी माझ्या नावाआधीचं 'पुरस्कारप्राप्त' काढून टाकावं. 'विद्यार्थिनी' ठेवावं, अशी विनंती आहे.

हा ग्रंथ मॅडमच्या इतर विद्यार्थ्यांच्याही हाती पडेल. कोणी बँकेत आहे, कोणी परदेशात. आपण सगळे आपापल्या कामात चांगले रमलो आणि मॅडमनी आपल्यातल्या कोणाच्याही नावापुढे काही वाईट लिहिलं नाही. यंदा मी गेले, पुढच्या वर्षीही जाईन. पण मॅडमचे गुडघे आता दुखतात. खाली बसून नंबर वाचायलाही कोणीतरी हवं आहे. पितृपक्षात ग्वारीघाटावरून नाव सकाळी सातला सुटते.

मॅडम, आपल्या गुडघ्यांना आराम पडो, आपली नजर अशीच शाबूत राहो, आणि आपल्याला भरपूर आयुष्य लाभो. सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर आपण भाषण करू नका, आपल्याला ते आवडतही नाही. फक्त सवयीने म्हणा, "पंचाहत्तर." आणि थांबा. या वेळी तो आकडा आपल्याला स्वतः परत म्हणावा लागणार नाही.