पारकरकाकांचं कापड आणि सावंतबाईंची मिरची

टॅक्सच्या ऑफिसात काम करते म्हटलं की लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत. करी रोडला खानोलकर सरांच्या ऑफिसात मला सतरा वर्षं झाली. जुन्या फायली आम्ही अधूनमधून रद्दीत काढतो. किस्से काढता येत नाहीत, ते साचत जातात.

सगळ्यात जास्त साचले ते जॉबवर्कवाल्यांचे. म्हणजे कच्चा माल स्वतःचा, पण शिवणं, दळणं दुसऱ्याकडून करून घेणारे. मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या टॅक्समधून वजावट, मालकाला मिळतं आणि माल असतो भलत्याच्याच घरी. आता माल दोन घरं फिरला की काहीतरी घडणारच ना.

*

पारकरकाका आमचे जुने क्लायंट. परळच्या हॉस्पिटलला पेशंटचे गाऊन आणि चादरी पुरवतात. कापड घ्यायचं आणि टेलरकडे शिवायला द्यायचं. दिलेला माल परत आला की नाही, ही नोंद आम्ही ठेवायची.

मी या नोंदींना नवी होते तेव्हा त्यांना फोन केला. "काका, शिवायला पाठवलेलं कापड परत आलं का?"

"नाही आलं."

"अजिबात नाही?"

"एक मीटरसुद्धा नाही."

मी घाबरून सरांना सांगितलं. सरांनी फोन घेतला. "पारकर, कापड नाही आलं, मग आलं काय?"

"गाऊन आले ना. चारशे."

सरांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "वैशाली, कणीक देऊन कणीक परत मागू नये. पोळ्या मोजाव्या."

*

लालबागच्या सावंतबाईंचा मसाल्याचा धंदा. त्यांची मिरची व्यापाऱ्याकडून थेट गिरणीत जाते, दुकानात येतच नाही. तरी क्रेडिट तुमचंच, असं सर त्यांना समजावत होते. बाई ऐकेनात.

"मी ती मिरची बघूक नाय, हात लावूक नाय. तिचा क्रेडिट माका कशाक?"

सर स्वतः मालवणचे. ते म्हणाले, "बाई, मुलगा होस्टेलला राहिला म्हणून त्याचं आडनाव बदलतं का?"

बाईंनी जरा विचार केला. "नाय बदलत. पण घराक इलो की मी त्याचा वजन करून बघतंय."

*

वजनावरून आठवलं. एकदा जीएसटीचे एक ऑफिसर बाईंचे कागद बघायला आले. तरुण होते, बोलायला अगदी सभ्य. शंभर किलो मिरची गिरणीत गेलेली आणि पावडर आलेली शहाण्णव किलो.

"चार किलो गेली कुठे?" त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबरच होता. मधल्या मधे विकली असती तर त्यावर टॅक्स लागला असता.

बाई म्हणाल्या, "चला, दाखवते." आम्ही तिघं गिरणीत गेलो. दळण चालू होतं. गिरणीवाला म्हणाला, "साहेब, दोन मिनिटं आत उभे राहा."

साहेब एका मिनिटात बाहेर आले. डोळे लाल, आणि शिंका काही थांबेनात. बाईंनी पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी पेन काढलं आणि मला विचारलं, "याला मराठीत काय लिहू?"

"घट," मी म्हटलं.

ते लिहीत होते तेव्हा बाई माझ्या कानात पुटपुटल्या, "अर्धा किलो तर हेच घेऊन चाललेत."

*

खानोलकरवहिनींनी दादरला एक साडी फॉल-पिकोला दिली होती. गणपतीत दिलेली साडी दिवाळी आली तरी मिळेना. एक दिवस त्या तडक ऑफिसात आल्या आणि सरांना म्हणाल्या, "लोकांचा माल परत आणता ना? मग माझी साडी आणा."

सर कागदातून मान वर न काढता म्हणाले, "तो कायदा आपल्याला लागू नाही. आपण रजिस्टर्ड नाही."

"लग्न तर रजिस्टर्ड आहे?"

सर उठले, चप्पल घातली आणि दादरला गेले.

*

आता पारकरकाकांचा दुसरा किस्सा. त्यांचे गाऊन शिवणारा गायकवाड टेलर आमच्या ऑफिसच्याच मागच्या चाळीत राहतो. दोन मशिनं, आणि हात अतिशय साफ. काकांचा स्वभाव उतावळा. माल दिला की दिवसातून तीनदा फोन.

त्या वर्षी एक मोठा तागा गायकवाडकडे पडून होता; दर फोनला 'पाठ धरलीय काका, पुढच्या आठवड्यात नक्की' हेच उत्तर. नियम असा, की दिलेला माल वर्षाच्या आत परत यायला हवा. नाहीतर तो दिला त्याच दिवशी विकला असं धरतात, आणि मालकाला टॅक्स व्याजासकट भरावा लागतो. वर्ष भरायला नऊ दिवस उरले होते आणि गायकवाडचा फोन बंद.

मी काकांबरोबर चाळीत गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "त्यांचं पाठीचं ऑपरेशन झालंय. परळला ॲडमिट आहेत." हॉस्पिटल तेच, काका ज्याला माल पुरवतात.

काका वाटभर बोटांवर उरलेले दिवस मोजत होते. आजारी माणसाला ते काय बोलतील, याची मला धास्ती.

वॉर्डात आम्हाला बघताच गायकवाड उठायला लागला. "काका, कापड तसंच आहे, कातर लावलेली नाही. वर्ष भरत आलंय, माझ्या ध्यानात आहे. चावी बायकोकडे आहे, आजच घेऊन जा."

काकांनी स्टूल ओढलं. "मी कापडासाठी आलो असं वाटलं तुला?"

"हो."

काका पलंगावरची चादर नीट करू लागले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

मग गायकवाडनेच अंगातल्या गाऊनची नाडी पुढे केली. "हा माझाच आहे काका. नाडीला दुहेरी टाका मीच घालतो. ऑपरेशनला नेताना दिसला. जरा धीर आला."

दुकानात माल तपासतात तसा काकांनी तो टाका बोटांनी चाचपला. बराच वेळ.

"वैशालीताई," गायकवाड मला म्हणाला, "एक नग परत आला असं लिहा. आतला माणूस मागाहून येईल."

दुसऱ्या दिवशी तागा काकांच्या दुकानात पोचला आणि मुदतीत नोंद झाली. मग दुसरे दोन टेलर विचारून गेले. काकांनी त्यांना तो दिला नाही, हॉस्पिटलकडून मुदत वाढवून घेतली. अडीच महिन्यांनी गायकवाड कमरेला पट्टा बांधून मशिनवर बसला, तेव्हा मी त्याच ताग्याचं नवं चलन, म्हणजे माल दिल्याचा कागद, केलं आणि काकांबरोबर चाळीत गेले.

गायकवाडने कापडावरून हात फिरवला. "काका, आधीच सांगतो. आता रोजचे दोन-तीनच गाऊन होतील."

काकांनी चलनावर सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"वर्ष आहे," ते म्हणाले. "आज पहिला दिवस."