टाकीच्या टेंडरचा लिलाव

नारायणगावच्या बाजारात मी कितीतरी वर्षं टोमॅटोच्या क्रेटवर उभा राहून बोली पुकारली. आवाज असा, की हायवेवरचा जीपवाला ‘मलाच हाक मारली’ म्हणून थांबावा. या एकाच गुणावर गावानं मला पाणी समितीचा अध्यक्ष केलं. नवी टाकी कुणी बांधायची, ते समितीनं टेंडर काढून ठरवायचं होतं. उन्हाळ्याआधी टाकी झाली नाही तर बायकांना पुन्हा ओढ्याकाठची विहीर. आणि आमची काही चूक झाली तर टेंडर रद्द, म्हणजे उन्हाळा गेलाच.

पंचायत समितीच्या तरुण इंजिनिअरनं मला पुन्हा पुन्हा समजावलं. पहिल्या लिफाफ्यात अनुभव, यंत्रं, आधीची कामं, त्यांचे गुण. त्यात पास होईल त्याचाच दराचा लिफाफा फोडायचा. सगळ्यात कमी दराला पूर्ण गुण, बाकीच्यांना उतरते. बेरजेत पहिला, त्याला काम. मी दर वेळी मान डोलावली. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

देवळासमोर ग्रामसभा भरली. पहिल्या लिफाफ्यात दोघंच पास झाले. एक गावचा नेहमीचा ठेकेदार, ज्याच्या ट्रॅक्टरनं माझं रान नांगरलं जायचं. दुसरा आंबेगावकडचा, कुणाच्या ओळखीचा नाही. दोघांचे गुण सारखेच. आता सगळं दरावर.

दर मीच वाचले आणि घात झाला. आकडे तोंडात आले की माझी जीभ बाजारात जाते. नेहमीच्याचा दर मोठा होता. मी हात उंचावून गरजलो, “एक वार! दोन वार! तीन वार!” आणि फळ्यावर त्याला पूर्ण गुण लिहूनही टाकले. टाळ्या पडल्या.

समितीतल्या एक ताई उठल्या. “भाऊ, टाकी बांधून घेतोय का इकतोय?”

सभा हसून आडवी झाली. मी हातानंच गुण पुसले, त्याच हातानं घाम पुसला आणि खडूनं पांढरा झालो.

गुण नीट मांडले, तर आंबेगावकर पहिला आला. तेवढ्यात नेहमीचा ठेकेदार उभा राहिला. “अध्यक्ष, तुमी लिलावच मांडलाय, तर माझंबी ऐका. त्याच्यापरीस कमीत करतो. लिवा!”

“घ्या की राव, घरचा माणूस हाय!” लोक ओरडले.

इंजिनिअर माझ्या कानाशी आला. “लिफाफा फोडल्यावर दर बदलला, तर टेंडर रद्द.”

आता मात्र मी माझ्या मुलखात होतो. ठेकेदाराकडं वळलो. “राव, बाजारात सौदा झाल्यावर कुणी जादा दिलं म्हणून मी माल फिरवला का कधी? फिरवला असता तर माझ्याकडं कुत्रं आलं नसतं. आज आपण फिरलो, तर उद्या या गावात बाहेरचा कोण लिफाफा टाकंल? मग तुमी म्हणाल तोच दर.”

“आन् पुढच्या साली रान कशानं नांगरणार?” ठेकेदारानं डिवचलं.

“बैलानं.”

“बैल कुठाय तुमच्याकडं?”

“मी हाय की! आत्ताच बघितला न्हाई का?”

सभा पुन्हा आडवी झाली. हसता हसताच हात वर झाले आणि काम आंबेगावकराला गेलं.

होळीच्या आत टाकी भरली. पहिला नळ उघडायचा मान माझा. मी ऐटीत तोटी फिरवली, ती नेमकी उलटी. ताईंनी मला बाजूला सारून पिळली, तसा फवारा थेट माझ्या नव्या सदऱ्यावर. मी तसाच चिंब, गावभर मिरवून आलो.