नारळ फुटल्यावर डॉलर चढला

न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर माझा पहिला ट्रेलर उभा राहिला, तेव्हा वडिलांनी त्याच्या चाकापाशी आमच्या मिठागरातलं मूठभर मीठ ठेवलं. मिठागरातला एक रिवाजही मी ट्रेलरच्या धंद्यात आणला. दसऱ्याला नारळ फोडून वर्षाचा भाव ठरवायचा. नारळ फुटला की पुढच्या दसऱ्यापर्यंत त्यावर बोलायचं नाही.

मला भाडी द्यायचा एक गुजराती शेठ. परदेशातून माल आणायचा. त्याचं ऑफिस नाक्यावर, चहाच्या टपरीच्या माथ्यावर. आमची घासाघीस ऐकायला खालची माणसं हातात ग्लास धरून थांबायची. मी ओरडायचो, तो हसायचा.

"अरे भाई, आवाजाचे पैसे वेगळे लावतोस काय?"

"तुम्हाला कमी ऐकू येतं शेठ, म्हणून फुकट देतो."

त्या आल्याच्या चहाची चव अजून जिभेवर आहे. तसं भांडायला आता कोणी उरलं नाही.

त्या दसऱ्याला मी खुशीत होतो. टीव्हीवर रोज सांगत होते की अमेरिकेच्या मोठ्या बँकेनं व्याज वाढवलं, डॉलर वधारला. तेल डॉलरात विकतात, त्यामुळे बाकीच्या देशांनी हात आखडला आणि कच्चं तेल उतरलं. म्हणजे आपलं डिझेलही उतरणार, असं मी धरून चाललो. शेठ म्हणाला, "डिझेल तुझं, भाडं वर्षभर एकच." मी ताणून ताणून माझा आकडा त्याच्याकडून वदवून घेतला आणि ट्रेलरपुढे नारळ फोडला.

कच्चं तेल उतरलं, पण रुपया त्याहून जोरात घसरला. व्याज तिकडे जास्त, म्हणून पैसा तिकडे चालला. आपल्या देशाच्या मोठ्या बँकेनं डॉलर विकून रुपया सावरून धरला, की चार दिवस तग धरायचा आणि पुन्हा घसरायचा. स्वस्त झालेलं तेल महाग डॉलर मोजून आणायचं, तर पंपावर स्वस्ताई कुठून येणार? डिझेल चढतच गेलं. मी ड्रायव्हर सोडला, स्वतः स्टिअरिंगवर बसलो. तरी कर्जाचे हप्ते थकले. एक दिवस फायनान्सवाल्याचा माणूस येऊन ट्रेलरचे टायर दाबून बघून गेला. माझा ट्रेलर जाणार, हे मला त्या दिवशी कळलं. तसाच शेठच्या जिन्यानं वर गेलो.

"शेठ, भाडं वाढवा."

"नारळ कोणी फोडला?"

"रुपया पडणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मी सकाळी देवाच्या आधी डॉलर बघतो, भाई. मालाला लागणारे डॉलर दसऱ्यालाच घेऊन ठेवले होते."

मी हातातला चहाचा ग्लास खिडकीतून फेकला, तो खाली टपरीच्या पत्र्यावर वाजला. "मग बोलला का नाहीत?"

"भाडं डिझेलबरोबर हलू दे, असं बोललो असतो, तर तू म्हणाला असतास, डिझेल उतरणार म्हणून शेठ भाव पाडतोय."

मी जिना उतरलो. नारळ माझा होता, त्यामुळे वर्षभर त्याच भाड्यात त्याचा माल ओढला. माल माणगावला उतरवला की परतीला रिकामं यायचं नाही म्हणून तिथल्या बाजारात भाडं मिळेपर्यंत ठाण मांडून बसायचो, झोप केबिनमध्येच. ट्रेलर वाचला.

पुढच्या दसऱ्याला मी सांगितलं, "डिझेल चढेल तसं भाडं चढेल, उतरेल तसं उतरेल." वाटलं, आता रंगणार. शेठ पहिल्याच शब्दाला हो म्हणाला. मला सगळ्यात जास्त राग त्या 'हो'चा आला. खालची माणसंही हिरमुसून पांगली. त्यानंतर आमच्यात ओरडण्यासारखं काही राहिलंच नाही. मग शेठ मुलाकडे राहायला गेला, ऑफिसला कुलूप लागलं. आता भाडं मोबाइलवर येतं.

परवा नाक्यावर एक नवा ट्रेलरवाला वर्षाचं भाडं एकाच आकड्यात ठरवून नारळ घ्यायला निघाला होता. मी त्याला अडवून डॉलरचं सगळं सांगितलं. तो हसला. "काका, माझं भाडं तुम्हाला पाहिजे, म्हणून घाबरवता काय?"

आणि गेला नारळ घ्यायला. जाऊ दे. मी निदान सांगितलं तरी. शेठनंही सांगायला हवं होतं.