इनासदादाचे तीन आवाज

मांडवात पोहोचल्यावर इनासदादा आधी कुणाशीच बोलत नसे. गिटारचा आवाज मोठा करणारा आपला जुना वाल्व्हचा ॲम्प चालू करायचा, त्यातले काचेचे वाल्व्ह तापेपर्यंत त्याच्याकडे पाठ करून बिडी ओढायची आणि मग गिटारवर एकच कॉर्ड दोनदा वाजवायची. एकदा अंगठ्याने हळू, एकदा मनगट झटकून. हळू वाजवलेली स्वच्छ आणि जोरातली किंचित फाटलेली आली, तरच तो मान हलवी. नाहीतर पुन्हा बटणं फिरवणं सुरू. "मानूस बायकोशी बोलतो येका आवाजात, गुत्त्यावर बोलतो दुसऱ्या. पन मानूस येकच पायजे," असं तो म्हणे.

तो वसईच्या पाचूबंदरचा. घरची बोट होती, पण समुद्रात त्याचं मन रमलं नाही. जहाजावर नोकरीला असलेल्या भावाने तो ॲम्प आणून दिला होता. दोघांनी उचलावा इतका जड. मी विरारला मनवेलपाड्यात राहायचो, दिवसा बँकेत कारकून आणि सुटीच्या दिवशी आमच्या लग्नातल्या बँडचा रिदम गिटारवाला. सुपाऱ्या मीच घ्यायचो, म्हणून तो मला चिडवून 'मॅनेजर' म्हणायचा.

गिटारचा आवाज बदलायला पायाने दाबायची पेडलं त्याच्याकडे दोनच होती, आणि आवाज तीन. नवरानवरीच्या पहिल्या नाचाला, वॉल्ट्झला, दोन्ही बंद. गिटारचं बटण थोडं खाली, आवाज काचेसारखा. संथ गाण्यांना पहिलं पेडल. जेवणं झाल्यावर पोरं नाचायला उठली की दुसरंही. मी एकदा पेडलचा गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, पूर्ण वर करून ठेवला, तर त्याने माझा हात बाजूला सारला. "घान पेडलला करू द्यायची नाय. गेन खाली, लेव्हल वर. पेडल फकस्त ढकलतो. फाटायचं काम ॲम्पचं." थोडं थांबून म्हणाला, "तुझ्यासारखा हाय तो. मागून ढकलनारा."

सगळे हसले. मीही हसलो.

त्याचा त्रासही होता, ते लपवत नाही. अर्नाळ्याच्या एका लग्नात नवरानवरी दाराशी येऊन उभी, आणि हा वाकून बटणं फिरवतोय. पत्र्याच्या छपराखाली आवाज टोचतो म्हणे. नवरीचा बाप माझ्या अंगावर आला. "तुमचा तो म्हातारा पोरीचं लगीन लावतोय की रेडिओ दुरुस्त करतोय?" मी इनासदादाला वाजवायला सांगितलं. तो मान वर न करता म्हणाला, "नवरी येकदाच येनार. तिच्यावर फाटका आवाज टाकू?" पाहुणे ताटकळले. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं.

तेव्हा बाजारात इफेक्टची डिजिटल पेटी नवीन आली होती. खांद्याच्या पिशवीत मावणारी. त्यात आवाज बसवून ठेवायचे आणि पायाने हवा तो काढायचा. मी ती घेऊन पाचूबंदरला गेलो. म्हटलं, "दादा, कधी ॲम्प बंद पडला तर हाताशी असावी. तुझे तिन्ही आवाज हिच्यात लावून दे."

"खेळन्यात?" तो म्हणाला. पण बसला. एकदा ॲम्पमधून वाजवायचा, एकदा पेटीतून, आणि स्पीकरला कान लावायचा. अख्खी दुपार गेली. त्याच्या बायकोने, मार्थावहिनीने, दोनदा जेवायला हाक मारली, शेवटी बोंबलाचं कालवण तिथेच आणून ठेवलं. तिसरा आवाज काही केल्या जमेना. जमला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. "ॲम्प बंद पडला तरच ना, मॅनेजर?"

"तरच," मी म्हणालो.

पावसाळ्यानंतर लग्नं सुरू झाली, आणि मी त्याला निरोपच पाठवला नाही. नालासोपाऱ्याचा एक कॉलेजातला गिटारवाला घेतला. तो वेळेवर यायचा, पायाने बटण दाबून पेटीतले इनासदादाचे आवाज काढायचा, कुणाशी वाद घालायचा नाही. वसईतल्या एका लग्नात इनासदादा पाहुणा म्हणून आला. कोट घालून पुढच्या रांगेत बसला. आम्ही वॉल्ट्झ वाजवली, मग एक संथ गाणं. मी त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. तो उठून स्टेजजवळ आला आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "मॅनेजर, मी अजून मेलो नाय."

जेवायलाही थांबला नाही. नंतर दुसऱ्या कुठल्या बँडमध्येही तो वाजवायला गेला नाही. मी भेटायला जाईन जाईन म्हणत राहिलो. बँकेत बढती मिळाली, लग्न झालं, डीजे आले तसा बँडही संपला, आणि पेटी कपाटात गेली. पाचूबंदर काही लांब नव्हतं.

तो गेल्याचं मला कळलं तेव्हा चर्चमधली त्याची महिन्याची मिसा जवळ आली होती. मिसेनंतर मी घरी गेलो. कोपऱ्यात ॲम्प होता; खाऱ्या हवेने त्याचं पत्र्याचं खोकं खाल्लं होतं, वाल्व्ह कधीच गेले होते. मार्थावहिनी रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "त्याचा आवाज तुज्याकडे हाय ना, त्या पेटीत?" तिने विचारलं. "ती आन येकदा. मना आयकायचाय."

पुढच्या रविवारी मी पेटी, गिटार आणि एक लहान स्पीकर घेऊन गेलो. चालू केल्यावर कळलं, इतक्या वर्षांत आतली बॅटरी संपून सगळं पुसलं गेलं होतं. त्याच्या तीन जागांवर कंपनीचे आवाज येऊन बसले होते. मी तिला सांगितलं. तिला ते नीट समजलं नाही, की समजूनही तिला ऐकायचंच होतं, कोण जाणे. "मंग तू लाव," ती म्हणाली.

मी बराच वेळ खटपट केली. गेन खाली, लेव्हल वर. हळू वाजवलं, जोरात वाजवलं. दोन्ही सारखंच यायचं. तरी वॉल्ट्झच्या चार ओळी वाजवल्या.

"हा तो नाय," ती म्हणाली. मी गिटार खाली ठेवली. ती चहाचे कप गोळा करू लागली. "तो असता तर तुना आधी शिवी घातली असती." कप घेऊन आत जाता जाता दाराशी थांबली. "आनि मंग बसून लावून दिला असता."