एकही निवडणूक न हरलेला माणूस

टोपी बाजारात सूर्याजी भोइट्यांचं साफ्यांचं दुकान आहे. लग्नाचे साफे भाड्यानं द्यायचे आणि मुहूर्ताला जाऊन नवरदेवाच्या डोक्यावर बांधून द्यायचे, हा धंदा. पणजोबा शिंदेशाही रिसाल्यात होते आणि तलवार बाळगत; पणतू खिशात टाचण्यांची डबी बाळगतो. पण सूर्याजीरावांना विचाराल तर ते आपला धंदा राजकारण असाच सांगतील, आणि वर एक वाक्य हमखास ऐकवतील, "तीस वर्षं झाली पब्लिकमध्ये आहे. आजपर्यंत एक पण इलेक्शन हरलो नाही."

वाक्य शंभर टक्के खरं होतं. सूर्याजीराव सहा वेळा पार्षदकीला, म्हणजे नगरसेवकपदाला, अपक्ष उभे राहिले आणि सहाही वेळा नाव मागे घेऊन बसले. जो आखाड्यात उतरतच नाही, त्याची पाठ मातीला लागणार कशी? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. सूर्याजीरावांनी ती तीस वर्षं झाकून ठेवली होती, आणि आत सव्वा लाख आहेत यावर हळूहळू त्यांचा स्वतःचाही विश्वास बसला होता.

नाव मागे घेण्याची शेवटची तारीख म्हणजे शिंदे की छावनीतल्या त्यांच्या घरी सण. सूर्याजीराव पहाटे उठून दाढी करत, ठेवणीतला कुर्ता चढवत आणि तोंड पाडून बैठकीत बसत. लग्नात जावई रुसतो, तसे रुसून. मग वार्डातले बडे नेते दौलतसिंह पाच-पंचवीस माणसं घेऊन येत. "राव साहब, आप तो हमारे अपने हैं," इथपासून सुरुवात व्हायची. सूर्याजीराव नाही म्हणत. दौलतसिंह हात जोडत. सूर्याजीराव पुन्हा नाही म्हणत, पण जरा हळू. तोवर आतून लीलाताईंचे ताजे चिरोटे यायचे. दुपारी दोनच्या सुमाराला गळ्यात हार पडायचा, आणि दौलतसिंहांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून सूर्याजीराव कलेक्टर कचेरीत सही करायला जात. घरापुढची नाली पक्की करून देण्याचं वचन त्यांना तीन वेळा मिळालं होतं. नाली अजून कच्चीच आहे. खरं सांगायचं तर त्यांना नालीचं फारसं काही नव्हतं. पाच वर्षांतून एकदा कोणीतरी आपल्या दारात येऊन आपली मनधरणी करतं, एवढ्यासाठी हा माणूस उभा राहत असे.

त्यांची एकुलती एक मुलगी सोनिका जनावरांची डॉक्टर. लग्न करून ऑस्ट्रेलियात गेली, तिथलीच झाली. सिडनीहून सहा-सात तास गाडी हाकली की लागतं असं तिचं गाव. माणसं कमी आणि मेंढ्या जास्त. गेल्या वर्षी तिथल्या खासदारानं मध्येच राजीनामा दिला, पोटनिवडणूक लागली, आणि एका रविवारी सकाळी सोनिकानं फोनवर सांगितलं की ती अपक्ष उभी राहिली आहे. गावातलं प्रसूतिगृह बंद पडलं होतं. बायकांना कळा सुरू झाल्यावर दोन तास गाडीतून जावं लागे. "गायींची बाळंतपणं मी रात्री-बेरात्री गोठ्यात जाऊन करते आणि बायकांना डॉक्टर नाही," ती म्हणाली, "कुणीतरी बोलायला तर पाहिजे न."

सूर्याजीरावांची छाती अशी फुगली की कुर्त्याची बटणं ताणली. रक्तातच आहे म्हणाले. टोपी बाजारभर सांगून आले. परतल्यावर लगेच फोन लावला.

"बेटा, बसायची लास्ट डेट कधीची आहे?"

"कसली बसायची?"

"अगं, नाव वापस घ्यायची. कोण कोण मनवायला आलं?"

"बाबा, यहाँ कोई नहीं आता. आणि मी नाव वापस नाही घेणार."

"मग जिंकशील का?"

"नाही. जिंकणं तर मुश्किलच आहे."

सूर्याजीरावांना हे काही केल्या उमगेना. जिंकायचं नाही आणि बसायचंही नाही, मग माणूस उभा कशाला राहतो? पुढचे तीन आठवडे ते रोज तिला सल्ले देत राहिले आणि रोज काहीतरी नवं ऐकून हैराण होत राहिले. तिकडे मत दिलं नाही तर मतदाराला दंड होतो. चिठ्ठीवर एकाला शिक्का मारून भागत नाही, सगळ्या उमेदवारांना पसंतीचे आकडे घालावे लागतात. ज्याचं तोंड बघायची इच्छा नाही त्यालासुद्धा शेवटचा आकडा द्यायचा. आणि मतदान केंद्राबाहेर पावात घातलेलं सॉसेज मिळतं, ते मतदार स्वतःच्या खिशातून विकत घेऊन खातात.

"स्वतःच्या?" सूर्याजीरावांनी दोनदा विचारलं. "उमेदवार नाही खिलवत?"

"शाळेला चंदा मिळतो बाबा त्यातून."

"हे कसलं इलेक्शन," ते लीलाताईंना म्हणाले. लीलाताई भाजी निवडत होत्या. त्यांनी फोनचा आवाज मोठा करायला सांगितला आणि पुन्हा भाजीत लक्ष घातलं. तीन आठवड्यांत त्यांनी मुलीला एकही सल्ला दिला नव्हता.

सोनिका हरली. नऊ उमेदवारांत चौथी आली. तिनं मोजणीच्या रात्रीचा व्हिडिओ पाठवला: गावच्या हॉलमध्ये उभी राहून ती हसत हसत सगळ्यांचे आभार मानतेय, आणि जिंकलेला माणूसही टाळ्या वाजवतोय. सूर्याजीरावांनी व्हिडिओ पाहिला आणि त्यांना भडभडून आलं, पण मुलीच्या दुःखानं नाही. घराण्याच्या नावाला बट्टा लागला होता. टोपी बाजारात उद्या काय सांगायचं?

"मी बोललो होतो तुला, बसून जा," ते फोनवर म्हणाले. "आज ही वेळ नसती आली."

मग सोनिका म्हणाली, "बाबा, तुम्ही सहा वेळा बसलात. एक बार हारके तो देखते. इतकं काही वाईट नसतं."

फोन स्पीकरवर होता. लीलाताईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. सूर्याजीराव साफ्याचं कापड घडी घालू लागले, आणि ती घडी त्यांना तीनदा मोडावी लागली. मुलीचा बोल जिव्हारी लागला होता.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या वार्डातला पार्षद वारला. पोटनिवडणूक जाहीर झाली. सूर्याजीरावांनी सगळ्यांच्या आधी फॉर्म भरला आणि सोनिकाला ऐटीत सांगितलं, "या वेळी बघ तुझा बाप काय करतो." काय करणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं: नेहमीसारखं बसणार. मुलीला दाखवायचं होतं की बाप उभा राहिला की मोठमोठी माणसं कशी दारात येतात. या वेळी मनधरणीचा व्हिडिओ काढून पाठवायचा, असंही त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

तारीख उजाडली. दाढी झाली, कुर्ता झाला, तोंड पाडून झालं. दहा वाजले, अकरा वाजले. गल्लीत स्कूटर थांबली की सूर्याजीराव तोंड आणखी पाडत. स्कूटर दूधवाल्याची निघे. बाराला त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. शेगडी थंड होती.

"चिरोटे नाही तळले?"

"लोक आले की तळते," लीलाताई म्हणाल्या. "गरम गरम."

दोन वाजले. दौलतसिंहांना फोन करावा असं दहादा मनात आलं. पण रुसलेल्यानं स्वतःच फोन करायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. अडीच झाले. लीलाताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "रिक्षा बोलावू का? स्वतः जाऊन सही करून या."

"न मनवता कोण बसतं?" सूर्याजीराव ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कळलं की कोणी आलं नाही तर बसतासुद्धा येत नाही. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले, नाव मागे घेण्याची वेळ संपली, आणि सूर्याजी भोइटे निवडणुकीच्या रिंगणात कायम झाले.

संध्याकाळी सोनिकाचा फोन आला. कुठून कळलं कोण जाणे. "बाबा! तुम्ही नाही बसलात! आय ॲम सो प्राउड!" पोरगी चक्क रडत होती. आता तिला काय सांगायचं? आपल्याला कोणी विचारलंच नाही, हे मुलीला कोणत्या तोंडानं सांगायचं? "हो न," सूर्याजीराव म्हणाले, "या वेळी म्हटलं, लढूनच बघू." आणि फोन ठेवून ते बराच वेळ अंधारात दिवा न लावता बसून राहिले.

लढायचं म्हणजे मतं मागायला हवीत. इथं खरी अडचण आली. या माणसानं जन्मभर स्वतःला मनवून घेतलं होतं, दुसऱ्याला मनवायची सवयच नव्हती. पहिल्या घरी गेले आणि नुसते उभे राहिले. घरच्या बाईनं पाणी आणून दिलं, ते पिऊन परत आले. दुसऱ्या घरी म्हातारा म्हणाला, "पण सूर्याजी, तुम्ही तर बसणार न?" "डेट गेली," सूर्याजीराव म्हणाले. म्हातारा हळहळला, जणू घरात कोणी गेलंय. चौथ्या-पाचव्या घरी मात्र एक टक्कल पडलेला माणूस पुढे आला आणि म्हणाला, "माझ्या लग्नात साफा तुम्हीच बांधला होता, काका. वरातीत घोडा उधळला, मी पडलो, पण साफा नाही पडला." मग सूर्याजीरावांना जरा धीर आला. त्यानंतर ते ज्यांना साफे बांधले होते त्यांची घरं आठवून आठवून हिंडले. हात जोडताना अजून लाज वाटायची, पण हात जोडत होते. रात्री पाय दुखायचे आणि लीलाताई न बोलता गरम पाण्याची बादली आणून ठेवायच्या.

निकाल लागला. सूर्याजीरावांना एकशे चौऱ्याऐंशी मतं पडली आणि अनामत जप्त झाली. सव्वा लाखाची मूठ अखेर उघडली होती. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली: दौलतसिंहांचा उमेदवार साठ-सत्तर मतांनी पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतसिंह आले. एकटेच, हाराशिवाय. बैठकीत आल्या आल्या भडकले, "राव साहब, डुबो दिया आपने! छावनी के सारे वोट हमारे थे, आप काट ले गये. बैठ जाते तो क्या बिगड़ जाता?"

सूर्याजीराव नकळत ताठ बसले. आजवर सहा वेळा हार पडले, पण आपल्यामुळे कोणी बुडालं असं तीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. तरी मनातली ठसठस बाहेर आलीच. "बैठ जाता, दौलतसिंहजी. कोई मनाने आता तो. मी दिवसभर वाट पाहत होतो. सुबह से तीन बजे तक."

दौलतसिंह गोंधळले. "आया तो था! एक दिन पहले शाम को. आप किसी की शादी में साफे बाँधने गये थे. भाभीजी ने दरवाज़े से ही लौटा दिया. बोलीं, इस बार नहीं बैठेंगे, कल आना भी मत, चार लोगों में आपकी ही बात खाली जायेगी."

दौलतसिंहांना आपण काय बोलून बसलो ते कळलं असावं. पाण्याचा पेला तसाच ठेवून ते निघून गेले.

सूर्याजीराव आत गेले. लीलाताई कणीक मळत होत्या.

"तू वापस पाठवलंस त्यांना?"

"हो."

"आणि मी इथे दिवसभर... तुला दिसत होतं न? मी रडलो, ते पण दिसलं न?"

"दिसलं. वाईट वाटलं मला. म्हणून रिक्षा बोलावू का म्हटलं." लीलाताईंचे हात थांबले नाहीत. "तुम्ही गेला असता तर मी नसतं अडवलं."

"पण का?"

लीलाताईंनी कणकेचा गोळा झाकून ठेवला आणि हात धुतले. "सहा वेळा उभे राहिलात. सहाही वेळा मी बूथवर जाऊन लाइनीत उभी राहिले आणि दुसऱ्याच कोणाला मत देऊन आले. कोण कुठले लोक, त्यांना देऊन आले. दर वेळी वाटायचं, आपला माणूस उभा राहिला होता, त्याचं नाव का नाही इथे? माझं पण वय झालं. म्हटलं, एकदा तरी आपल्या माणसाला मत द्यावं."

सूर्याजीराव वार्डभर लोकांच्या दारात हात जोडून आले होते, आणि घरातल्या या बाईला मत मागायचं त्यांच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. लीलाताईंकडे न बघता त्यांनी हळूच विचारलं, "मग... दिलंस मला?"

"दिलं न," लीलाताई म्हणाल्या. "तरी हरलात, त्याला मी काय करू?"

आणि त्यांनी तवा चढवला.