भरतीत अडकलेले वस्ताद

तालमीच्या मंडळींनो, यष्टीतनं उतरून थेट फळ्यावर लिहितोय.

आज कोकणात पांडवांची गुहा बघाय गेलतो. रान उतरून किनाऱ्यानं पोचलो. आपले वस्ताद एकटेच नारळ फोडाय आत गेले. ऊन कडक. आपल्या पंचगंगेचं पाणी पावसाबिगर चढत न्हाय, मग भरतीचं कोण विचारतंय? बघता बघता गुहेचं तोंड बुडालं.

आम्ही चार पैलवान काठावर नुसत्या हाका मारत हुतो. मासे वाळवणारी म्हातारी म्हणाली, "पाणी उतरापर्यंत कोणाचा काय चालूचा नाय, बाबांनू."

दुपारी पाणी उतरलं. आतल्या उंच कातळावर बसलेले वस्ताद भिंत चाचपत बाहेर आले.

यष्टीत त्यांनी माझा हात धरला, तो कोल्हापूर येईपर्यंत सोडला न्हाय. उद्या त्यांच्यासमोर शड्डू कसा ठोकू, सांगा की!